शालनबाईंचे बेचाळीस अंश

"म्हणजे तुम्ही बाईला मायक्रोवेव्हमध्ये ठेवता?"

मी काय काम करते हे सांगितलं की समोरच्याचा हा प्रश्न ठरलेला. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या चेअरमननी विचारला, भाजीवालीनं विचारला, माझ्या सख्ख्या दिरानं विचारला, आणि तो इंजिनिअर आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. "बाईला मायक्रोवेव्हमध्ये नाही ठेवत. मायक्रोवेव्ह बाईवर ठेवते. तासभर."

कोलशेतच्या बाजूला एका कॅन्सर रुग्णालयात मी रेडिएशन विभागाची तंत्रज्ञ आहे. त्यातली गेली काही वर्षं एका लहानशा, बिनखिडकीच्या खोलीत गेली. कागदोपत्री तिचं नाव हायपरथर्मिया कक्ष. स्टाफ म्हणतो गरम खोली. पेशंट म्हणतात भट्टी.

काम काय ते आधी सांगून टाकते. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं आणि काही वर्षांनी त्याच जागी, छातीच्या कातडीवर, आजार पुन्हा उगवला तर डॉक्टरांपुढे पेच असतो. त्या जागेनं रेडिएशनचा पूर्ण डोस एकदा घेतलेला असतो. तेवढाच पुन्हा देता येत नाही, आणि कमी दिला तर पुरत नाही. तिथे आमची उष्णता उपयोगी पडते. आजारी पेशी बेचाळीस अंशांच्या आसपास तासभर ठेवल्या की त्या रेडिएशनपुढे दुबळ्या पडतात. रेडिएशननं केलेली मोडतोड त्यांना दुरुस्त करता येत नाही. मग कमी डोसही बरंच काम करून जातो.

नुसत्या शेकानं काही होत नाही, हे मात्र मी मुद्दाम लिहिते. ठाण्यातल्या एका निवृत्त साहेबांनी बायकोच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून घरीच रबरी पिशवीनं शेक दिला. ऑपरेशननंतर छातीची कातडी बऱ्याच जणींची बधिर असते. बाईंना कळलं नाही आणि कातडी सोलून निघाली. उपचार दोन आठवडे मागे पडला. "मी थर्मामीटर लावला होता," साहेब मला सांगत होते. लावला होता खरा, पण पिशवीला.

आमचं यंत्र म्हणजे पाटाएवढी एक चपटी पेटी, लोंबत्या दांड्याला अडकवलेली. पेटी आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याची मऊ पिशवी. पिशवीतलं पाणी सतत फिरतं, त्यानं वरची कातडी जळत नाही आणि लहरी नीट आत उतरतात. कातडीवर केसासारख्या बारीक काचेच्या तारा चिकटवलेल्या असतात. प्रत्येक तार आपल्या टोकाचं तापमान पडद्यावर दाखवते. एकेचाळीसच्या खाली फारसा फायदा नाही, चव्वेचाळीसला फोड येतो. मला वावरायला मधली जागा तेवढी मिळते.

मला याद्यांची सवय आहे. वाणसामानाची, औषधांची, लग्नाला कोणी काय आहेर केला त्याची. भट्टीच्या दारावर मी पहिल्याच आठवड्यात यादी लावली: आत येण्यापूर्वी अंगावरून काय काढायचं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पैंजण, हूक असलेला ब्लाउज, ताईत, सेफ्टी पिना. धातू तापतो आणि कातडीला चटका बसतो. कोपरीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उपचाराला यायच्या. त्यांनी पर्समधून लाल पेन काढून माझ्या यादीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाल्या, "क्रम चुकलाय. पिना आधी, वेगळ्या काढून ठेवायला हव्यात. मंगळसूत्र काढून डब्यात टाकलं की पिना त्याच्यासोबत जातात, आणि मग जाताना साडीला लावायला पिन सापडत नाही म्हणून प्रत्येक बाई तुमचा अर्धा तास खाते." क्रम बदलला. अर्धा तास खरोखर वाचला.

तर अशी मी. खोली नीट, वही नीट, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. शालनबाई आल्या तेव्हा माझा माझ्या वहीवर पूर्ण विश्वास होता.

शालनबाई म्हात्रे कोपरहून यायच्या. वय साठीच्या पुढे. नक्की किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. मुलगा दिनेश शाळेची व्हॅन चालवतो. सकाळची मुलं शाळेत सोडली की त्याच व्हॅनमध्ये आईला बसवून तो मोठागावच्या पुलावरून, कशेळी-बाळकूम करत आमच्याकडे आणायचा. पहिल्या दिवशी बाई दारातच उभ्या राहिल्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"पयला मोठा पंखा लाव," त्या म्हणाल्या. "मंग येतंय."

मला वाटलं उकडत असेल. पट्टी सोडली तेव्हा कळलं. उजव्या बाजूच्या जुन्या व्रणाखाली तळहाताएवढी जागा लाल, उघडी आणि ओली होती. तिला वास होता. आमच्या नाकाला सवय असते, पण बाई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, मी नाक मुरडते का ते.

हळूहळू बाकीचं समजलं. घरी त्या बाहेरच्या ओट्यावर एकट्या जेवायच्या. ताट वेगळं कोणी केलं नव्हतं, त्यांनीच केलं होतं. आणि त्या धवलारीण होत्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आगरी लग्नात मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरवेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. त्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. कोपरपासून खाडीपलीकडच्या गावांपर्यंत शालनबाईंना बोलावणी असायची. वर्षभरात त्यांनी एकही मांडव पाहिला नव्हता.

"मांडवान बायका कशा बसतान, बघितलंस कवा?" त्यांनी मला विचारलं. "मांडीला मांडी लावून. त्यांचे मधी मी जाऊन बसू, आन सगल्या नाकाला पदर लावतील. नको गो बाय."

आता नातीचं, दिनेशच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. नात ऋतुजा एका बँकेत नोकरीला. तिनं आजीला धमकीच दिली होती: "तू नाही बसलीस ना मांडवात, तर मी रजिस्टर करून मोकळी होईन. हळद नाही, काही नाही."

आमच्या डॉक्टर कामत मॅडम कधी कोणाला शब्द देत नाहीत. बाईंनी त्यांना विचारलं, "लग्नाचे आधी सुकल का हा?" मॅडम म्हणाल्या, "आठ वेळा शेक, आठवड्यातून दोनदा, सोबत रेडिएशन. त्यानंतर कातडी भरायला वेळ लागतो. हिशेब केला तर जेमतेम बसतंय. एकही फेरी चुकवू नका."

पहिली फेरी छान झाली. दुसरीही छान झाली, म्हणजे मला तसं वाटलं. बेचाळीस अंशांवर सगळ्या तारा स्थिर. दर पाच मिनिटांनी मी विचारत होते, "बाई, दुखतंय का? चटका बसतोय का?" दर वेळी उत्तर, "काय नाय गो. चालू दे." वहीत बारा चौकटी, बारा खुणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएशनसाठी आल्या तेव्हा व्रणाच्या टोकाला जांभळाएवढा फोड होता.

कामत मॅडमनी मला बोलावलं. त्या ओरडत नाहीत, आणि तेच वाईट असतं. "आधीच उघडी जखम आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर आपण आणखी एक जखम दिली. अजून एक फोड आला तर मी शेक थांबवणार. नुसत्या रेडिएशनवर पुढे जायचं. आणि तेवढ्यानं ही जागा भरेल असं मला वाटत नाही."

मी वही दाखवली. बारा खुणा. मॅडमनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वही परत दिली. माझ्या नोकरीत मला इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं. वहीत एकही चूक नव्हती आणि बाई भाजली होती.

मी बाहेर येऊन बाईंशेजारी बाकावर बसले. "बाई, खरं सांगा. काल चटका बसत होता ना?"

"बसत होता."

"मग मी बारा वेळा विचारलं!"

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "मी बोलली असती, तर तू मशीन बारीक केली असतीस ना?"

"हो, केली असती."

"मंग?" त्या म्हणाल्या. "जितका भाजल तितका रोग मरल. मना लगीन गाठायचाय."

हा विचार माझ्या एकाही यादीत नव्हता. मी इतकी वर्षं समजत होते की बायका सोसायची सवय असते म्हणून बोलत नाहीत. त्या सवयीचा भाग असेलच. शालनबाई मात्र हिशेबानं गप्प होत्या. बोललं की औषध कमी मिळणार, हा त्यांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाजूनं तो चुकीचाही नव्हता, कारण मी तसंच करत होते. कोणी "आई गं" म्हटलं की मी पॉवर खाली आणायची आणि तो तास तसाच, थोडा थंड, संपवायची. किती जणींनी माझ्यासमोर हे पाहून तोंड मिटलं असेल, कोण जाणे. त्यांची नावं वहीत आहेत, पण वही हे सांगत नाही.

मी त्यांना समजावलं. चव्वेचाळीसला रोग जास्त मरत नाही, चांगली कातडी मात्र मरते, आणि मग तीच जखम वाढते. "तांदळाची भाकरी करता ना तुम्ही? तवा लाल केला तर भाकरी लवकर होते का?"

"करपते," त्या म्हणाल्या. मग, "पन आतून कच्ची राहते." मला वाटलं, पटलं. पटलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत मीच घाबरले होते. पॉवर वर न्यायला हात धजेना. साडेचाळीसवर तास काढला. बाई पडद्याकडे बघत होत्या. आकडे त्यांना वाचता येतात. "मागचेपेक्षा कमी हाय," त्या म्हणाल्या. मी न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी कामत मॅडमनी आलेख पाहिला. "हे काय आहे? एवढं तर मलेरियातही होतं," त्या म्हणाल्या. "फोड नको म्हणून उपचारच नको, असं नाही चालणार."

म्हणजे दोन्हीकडून अडकले. वर गेले तर फोड आणि उपचार बंद, खाली राहिले तर आठही फेऱ्या फुकट. मधून जायचं तर मला बाईंकडून खरं कळायला हवं होतं. तारा जिथे चिकटवलेल्या तिथलंच सांगतात. दोन तारांच्या मधलं फक्त बाई सांगू शकत होत्या, आणि त्या सांगणार नव्हत्या.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे नवीन यादी केली. उष्णतेच्या पाच पायऱ्या, स्वयंपाकघरातल्या शब्दांत. एक म्हणजे सकाळचं ऊन, दोन म्हणजे आंघोळीचं पाणी, तीन म्हणजे हातात धरवेल असा चहाचा पेला, चार म्हणजे न धरवणारा, पाच म्हणजे तवा. "आकडा सांगायचा," मी बजावलं.

चौथी फेरी सुरू झाली. "किती, बाई?"

"दोन."

एकेचाळीसवर. "किती?"

"दोन."

बेचाळीसवर. "किती?"

"दोन गो. किती इचारतंस?"

मी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलत राहावं म्हणून म्हटलं, "बाई, एखादा धवला म्हणा ना. तास तरी जाईल."

त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू मी त्यांना ओपीडीत हळद लावायला सांगितलं होतं. "लग्नाबिगर धवला बोलत नाय. माझे आतेनी शिकवलाय तसा."

"बरं, म्हणू नका. नुसतं सांगा. आधी काय, मग काय. ऋतुजाच्या लग्नात कुठल्या विधीला काय येणार ते. मी लिहून घेते."

"तुझे वहीन माझा लगीन मावल का?"

"मोठी वही आहे."

हे त्यांना आवडलं. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. मेढ. घाणा. हळद दळायची. मग देव बोलवायचे. गावदेवी पहिली, मग कुळाचे, मग एकवीरा. देव झाले की पितर. घरातली जी माणसं गेली त्या प्रत्येकाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, वयानं सगळ्यात मोठा तो आधी. एकही सुटता कामा नये. "सुटला तर त्याला राग येतो," त्या म्हणाल्या. "मांडवाचे बाहेर उभा राहतो बिचारा."

मी लिहीत होते आणि मनात थक्क होत होते. मला शंभर गोष्टी लक्षात ठेवायला शंभर कागद लागतात. या बाईनं तीस-चाळीस घरांचे पितर क्रमानं डोक्यात ठेवले होते. अडखळणं नाही, मागे जाणं नाही. अगदी एका सुरात, भाजी निवडताना बोलावं तसं. आजेसासरा, आजेसासू, चुलतसासरा. सगळ्या तारा बेचाळीस. मग त्या म्हणाल्या, "धाकटा दीर." आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "धाकटा दीर."

मी वहीत पाहिलं. "बाई, सासरे राहिले."

"राहू दे."

माझा हात पेनावरून थेट पॉवरच्या बटनावर गेला. आत्ताच ज्या बाईनं मला सांगितलं की पितर सुटला तर मांडवाबाहेर उभा राहतो, ती सख्ख्या सासऱ्याला 'राहू दे' म्हणत होती. यंत्र थांबवलं. एक तार मोकळी करून व्रणाच्या कडेनं हळूहळू सरकवली. मधल्या दोन बोटांच्या जागेत आकडा एकदम चढला: त्रेचाळीसच्या वर, चव्वेचाळीसला टेकत आलेला. बाजूच्या दोन्ही तारांना याचा पत्ता नव्हता.

पिशवी उचलून बघितलं. व्रणाला तिथे एक बारीक घडी होती. वरून पिशवी ताणून बसत होती आणि घडीत हवा अडकत होती. पाणी तिथे टेकतच नव्हतं, म्हणून ती जागा थंड राहत नव्हती. ओली गॉजची घडी करून मी ती फट भरली, पिशवी परत बसवली, मोकळी तार त्याच जागी चिकटवली. बेचाळीस.

बाईंनी डोळे उघडले. "बंद केलीस? किती वाजले? तास झाला नाय."

"नाही झाला. तुम्हाला भाजत होतं."

"कोन बोलला?"

"तुमचे सासरे."

त्या बघतच राहिल्या. मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या चिडल्या. "म्हनजे तू माझ्यावर पालत ठेवतंस? मना वाटला लिवतंय."

"दोन्ही करत होते. बाई, आता ऐका. मी चार मिनिटं मशीन थांबवलं. ही चार मिनिटं मी वहीत लिहिलीत, हे बघा. शेवटी तास संपला की ही चार मिनिटं वर देणार. पॉवर कमी नाही करणार. तुम्ही बोललात की मी जागा नीट करणार आणि वेळ भरून देणार. तुमचं काहीही कमी होणार नाही."

"पक्का?"

"वहीत लिहिलंय."

त्यांनी हात पुढे केला. वही घेतली, चारचा आकडा बोट लावून वाचला. "मंग हा पयल्या दिवशी बोलायचास ना," त्या म्हणाल्या. "फुकटची भाजली मी."

आमच्या प्रशिक्षणात यंत्र कसं थांबवायचं हे शिकवलं होतं. ज्याच्यासाठी थांबवतोय त्याला काय वाटेल, हे मला शालनबाई भाजल्यावर कळलं.

त्या दिवशी फोड आला नाही.

पाचव्या फेरीपासून बाईंनी खोलीचा ताबा घेतला. "मास्तरीन," त्या मला म्हणायला लागल्या, "खालचे बाजूला तीन झालाय, चार व्हायचे आत बघ." मी बघायची, खरंच तिथे तार अर्ध्या अंशानं वर असायची. "दोन मिनटा गेली, लिव." मी लिहायची. शेवटी मी विसरणार नाही ना, म्हणून त्या स्वतःही मोजायच्या. एकदा मी तीन मिनिटं लिहिली आणि त्या म्हणाल्या साडेतीन. घड्याळाची नोंद पाहिली. साडेतीन. दिनेश दाराबाहेरून ओरडला, "आई, मुलं सुटायची वेळ झाली!" तर आतून, "थांब रं, माझा अर्धा मिनिट बाकी हाय!"

उरलेल्या चारही फेऱ्या पूर्ण तासाच्या, पूर्ण बेचाळीसच्या झाल्या. आलेख बघून कामत मॅडमनी फक्त भुवया उंचावल्या. मी त्या भुवया जन्मभर जपून ठेवणार आहे.

पण लढाई तिथे संपत नाही. उपचार संपला की पहिले दोन आठवडे कातडी आणखी वाईट दिसते. लाल होते, सोलते, पाझरते. आम्ही हे आधी सांगतो आणि तरी घरचे घाबरतात. दहाव्या दिवशी दिनेशचा फोन आला. "ताई, आधीपेक्षा जास्त वाटतंय हो. आई काही बोलत नाही, पण पत्रिका छापायला दिल्यात. काय करू?"

"पट्टी बदलत राहा. बाकी काही लावू नका. हळद नको, शेक नको, कोणी सांगितलेलं मलम नको."

"आई विचारतेय, मास्तरीनला विचार, हिशेबात हाय का?"

"हिशेबात आहे म्हणावं," मी ठामपणे म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कामत मॅडमकडे जाऊन तोच प्रश्न मी त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "थांबूया."

थांबणं मला जमत नाही. ते कुठल्याच यादीत बसत नाही. त्या दिवसांत आमच्याच खोलीत उपचार घेतलेल्या एका बाईंची बातमी आली. छातीवरची जागा स्वच्छ भरली होती, पण आजार यकृतात गेला. त्या गेल्या. असंही होतं. आमचा शेक त्या एका जागेपुरता असतो, आणि हे पेशंटला सांगताना मी कधी आडपडदा ठेवत नाही. पण त्या बाईंच्या मुलीनं फोनवर मला सांगितलं, "शेवटचे महिने आई आमच्यासोबत एका ताटात जेवली." ते ऐकून मला शालनबाईंचा ओटा आठवला, आणि मी कॅलेंडरवर पुन्हा एकदा आठवडे मोजले.

चौथ्या आठवड्यात बाई तपासणीला आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत. पंख्याचं नावही काढलं नाही. मी पट्टी सोडायला लागले, तर पट्टी कोरडी निघाली. खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी, नवी कातडी. सलग. कडेला फोडाची तेवढी एक गडद खूण.

कामत मॅडमनी मोठा दिवा ओढून घेतला. बोटांनी सगळीकडे दाबून पाहिलं, काखेत पाहिलं, गळ्याशी पाहिलं. खूप वेळ घेतला. बाई छताकडे बघत होत्या आणि मी बाईंकडे.

"इथे आता काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हनजे?" बाईंनी मला विचारलं. डॉक्टरांचं बोलणं त्या माझ्याकडून पक्कं करून घ्यायच्या.

"म्हणजे सुकलं. भरलं. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, स्कॅन चालू राहणार. पण ही जागा बंद झाली."

बाई उठून बसल्या. ब्लाउजची बटणं लावता लावता म्हणाल्या, "मना माहीत होता. परवा ऋतुजा माझे मांडीवर डोका ठेवून झोपली. तिनी तोंड नाय फिरवला." आणि मग बटणं तशीच अर्धवट सोडून त्या रडल्या. मोठ्यानं, अजिबात न लपवता. बाहेरून दिनेश घाबरून आत डोकावला. "काय झालं? काय झालं ताई?" मी त्याला हातानंच सांगितलं, चांगलं झालंय. तो दारातच खाली बसला.

आता आमच्या खोलीत पहिल्या दिवशी पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ते मी प्रत्येक बाईला स्वतः सांगते, नव्या तंत्रज्ञांनाही तेच आधी पाठ करायला लावते: "भाजलं तर सांगायचं. सांगितल्यानं उपचार कमी होत नाही. थांबलेली मिनिटं शेवटी भरून मिळतात." दुखतंय का, हा प्रश्न त्यानंतर. त्याचा फरक पडतो. सवयीनं 'काही नाही' म्हणणाऱ्या बायका आता "मागच्या वेळची दोन मिनिटं राहिलीत" म्हणून माझ्याशी भांडतात. मी खुशाल भांडू देते.

हळदीच्या दिवशी मी कोपरला गेले. गल्लीच्या तोंडापासून मांडव, आत बायकांची नुसती दाटी. मी कडेला उभी राहून शोधत होते, बाई कुठे बसल्यात. आधी आवाज ऐकू आला. भरलेला, थोडा घोगरा, घाई नसलेला. मग दिसल्या. अगदी मध्यावर, ऋतुजाच्या समोर, पिवळ्या साडीत. चारी बाजूंनी बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या, मागून सूर धरत होत्या. उजव्या हाताला एक खूप म्हातारी बाई होती. तिला बसवत नव्हतं, म्हणून ती शालनबाईंच्या उजव्या कुशीला पूर्ण रेलली होती, डोकं खांद्यावर टाकून. दुखलं असेल का, नवी कातडी आहे, असं माझ्या मनात आलंच. बाईंनी तिला बाजूला केलं नाही. उलट गाता गाताच तिच्या पाठीमागून हात घातला आणि तिला आणखी जवळ ओढलं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. गाणं न थांबवता दुसऱ्या हातानं खूण केली, ये, इथे ये. मी मान हलवली, जागा नाही. त्यांनी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. ती सरकली, तिच्या पुढची सरकली, कुरकुर करत आणखी चौघी सरकल्या. वीतभर जागा झाली. मी चपला काढल्या आणि त्या दाटीत जाऊन बसले.